क्वाड्रुपोल चुंबकाचं अ‍ॅक्टिव्ह कंपन-नियंत्रण: सोलापुरात बेंच उभा करताना

जुळेसोलापूर · सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, इथे कंट्रोल आणि मोजमापवाले बरेच आहेत म्हणून विचारतो. कणत्वरकातला क्वाड्रुपोल (चार ध्रुवांचा, कणांचा झोत म्हणजे बीम एकवटणारा) चुंबक नॅनोमीटरच्या पातळीवर स्थिर कसा ठेवतात, ते दाखवणारा छोटा बेंच विद्यार्थ्यांसाठी उभा करतोय. चुंबकाच्या जागी ५० किलोचा बिडाचा ठोकळा. त्याखाली तीन पिएझो स्टॅक (व्होल्टेज दिलं की किंचित लांबणारं सिरॅमिक): १०×१०×१८ मिमी, १०० व्होल्टला साधारण १५ मायक्रॉन, ६ मायक्रोफॅरड. एक जिओफोन (कंपनाचा वेग मोजणारा सेन्सर) ठोकळ्यावर, एक जमिनीवर, दोन्ही उभे, ४.५ हर्ट्झचे. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्यातलाच डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारा), पुढे पिएझो अ‍ॅम्प्लिफायर.

जागा अक्कलकोट रोडच्या बाजूला, तळमजला, खाली काळी माती. यंत्रमागाचे कारखाने ३००-४०० मीटरवर.

जमिनीच्या स्पेक्ट्रममध्ये १.२ हर्ट्झला लहान उंचवटा, २.४ ला रुंद आणि मोठा, २४ ला सुईसारखी रेघ, ५० च्या आसपास आणखी एक. लूप (जिओफोनचं वाचून पिएझोने उलट दुरुस्ती) चालू केला की १० ते ३० हर्ट्झमध्ये थोडा फरक पडतो. ५ च्या खाली काहीच नाही. आणि गेन वाढवला की ११० च्या आसपास सगळा बेंच घुमायला लागतो.

तर या रेघा कुठल्या, ५ च्या खाली का चालत नाही आणि ११० चं काय करायचं? एकाने खाली रबर पॅड टाका असं सुचवलंय. टाकू का?

होटगीजंक्शन · सोमवार, रात्री १०.०५

रबर नको. कारण सविस्तर लिहितो उद्या, पण तोवर कुणी पॅड आणायला जाऊ नका.

धोटा · सोमवार, रात्री १०.५०

१.२ आणि २.४ हे माग आहेत. साध्या धोट्याच्या मागात क्रँक शाफ्टच्या एका फेऱ्याला एक पिक पडतो, म्हणजे फणीसकट सगळा स्ले एकदा पुढे येऊन कापडावर आदळतो. मिनिटाला १४५ पिक धरले तर १४५ भागिले ६० म्हणजे २.४२ हर्ट्झ. आता १.२ कुठून आला? धोटा एका पिकला डावीकडून मारला जातो, पुढच्याला उजवीकडून. ते मारण्याचं काम बॉटम शाफ्ट करतो आणि तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. डाव्या-उजव्या पिकिंगचा झटका कधीच तंतोतंत सारखा नसतो, म्हणून निम्म्या फ्रिक्वेन्सीची रेघ उमटते. रेपियर (बिनधोट्याचा माग) असता तर ४०० पिकला ६.७ हर्ट्झ दिसला असता आणि खालचा निम्मा दिसला नसता.

२.४ चा उंचवटा रुंद आहे म्हणजे माग पुष्कळ आहेत. प्रत्येकाचा पट्टा, मोटरची स्लिप, ताण्यावरचा भार वेगळा, त्यामुळे कुणी २.३ ला, कुणी २.५ ला. सुईसारखी रेघ आली असती तर एकच माग आणि तोही भिंतीला लागून असता.

खात्री करायची असेल तर लाइट जायची वाट बघा. लॉगर बॅटरीवर चालू ठेवा. माग थांबले की दोन्ही उंचवटे बसतात, रस्ता आणि रेल्वे तशीच राहते. इतका स्वच्छ प्रयोग पैसे देऊन करता येत नाही. आणि आडवे जिओफोनही लावून बघा, उत्तर-दक्षिण एक आणि पूर्व-पश्चिम एक. स्ले आडवा हलतो, त्यामुळे आडव्या घटकात ताकद जास्त असते.

२४ म्हणजे चार पोलची मोटर, १४४० आरपीएम. ही तुमच्याच इमारतीतली आहे. एसीचं बाहेरचं युनिट, एक्झॉस्ट, कूलर, एकेक बंद करून बघा. मोनोब्लॉक पंप असेल तर तो बहुधा २८८० चा, म्हणजे ४८ हर्ट्झ. तुम्ही ‘५० च्या आसपास’ म्हणताय ते नक्की ५० आहे की ४८?

सातरस्ता · मंगळवार, सकाळी ७.३०

धोटा यांनी शेवटी विचारलेलं महत्त्वाचं आहे. ते शोधायची रीत: जिओफोन काढा, त्याच्या जागी ३९० ओहमचा रेझिस्टर लावा (कॉइल सुमारे ३७५ ओहमची असते), केबल तीच, जागा तीच. रेघ तशीच राहिली तर ती विजेची. गेली तर जमिनीची. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या लोकांची निम्मी ‘कंपनं’ त्यात गळून पडतात. रेल्वेचा दोषही नेहमी हादऱ्यातच असतो असं नाही. जिनेव्याला लेप या यंत्रात द्विध्रुव चुंबकांचं क्षेत्र हलत होतं, कारण जवळच्या फ्रेंच रेल्वेचा डीसी प्रवाह जमिनीतून फुटून बीमच्या नळीपर्यंत येत होता. आपल्याकडे रेल्वे २५ हजार व्होल्ट एसीवर चालते, त्यामुळे तिचा ठसा ५० हर्ट्झलाच येणार.

दुसरं, दोन्ही जिओफोन आधी एकाच जागी, एकमेकांना चिकटवून ठेवा. जाड पितळी प्लेट, तिच्यावर दोघे, अर्धा तास रेकॉर्ड. दोघांना एकच हालचाल दिसली पाहिजे. जिथे कोहेरन्स (दोन्ही सिग्नल किती जुळतात त्याचं माप, कमाल १) ०.९५ च्या खाली घसरतो, तिथून खाली तुम्ही जमीन मोजत नाही, स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज (नॉइज) मोजताय. रेकॉर्डच्या १६ सेकंदांच्या खिडक्या, हॅनिंग (तुकड्याच्या कडा मंदावणं), ५० टक्के ओव्हरलॅप. अर्ध्या तासात सव्वादोनशेच्या आसपास सरासऱ्या मिळतात, रेघांची विभागणी ०.०६ हर्ट्झ. ४८ आणि ५० मग आपोआप वेगळे दिसतील.

आकडा सांगताना ‘इतके नॅनोमीटर’ एवढंच सांगू नका. कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचा एकत्रित आरएमएस, ते सांगा. १ हर्ट्झच्या वरचा आणि ५ च्या वरचा यांत दहापट फरक सहज पडतो.

आता ५ च्या खाली का चालत नाही. तुमचा जिओफोन २८.८ व्होल्ट प्रति मीटर/सेकंदवाला धरतो. १० हर्ट्झला १ नॅनोमीटर हालचाल म्हणजे सेकंदाला ६३ नॅनोमीटर वेग, आउटपुट १.८ मायक्रोव्होल्ट. तोच १ नॅनोमीटर १.२ हर्ट्झला: वेग ७.५ नॅनोमीटर, आणि ४.५ च्या खाली संवेदनशीलता वर्गाने पडते म्हणून २८.८ चे २ व्होल्टच उरतात. हातात येतात १६ नॅनोव्होल्ट. शंभरपट कमी. लूपला दिसतच नाही, तर तो दाबणार काय?

जुळेसोलापूर · मंगळवार, सकाळी ९.१५

रेझिस्टरची कल्पना सोपी आहे, आजच करतो. पण सर, म्हणजे १.२ आणि २.४ दाबायला १ हर्ट्झचा जिओफोन किंवा ब्रॉडबँड सिस्मोमीटर घ्यावा लागणार? तो बजेटच्या बाहेर आहे.

नॅनोमीटर · मंगळवार, दुपारी १.२०

थांबा. ते दाबायचे आहेत हे कुणी ठरवलं?

कणत्वरकात चुंबक स्थिर हवा तो कशाच्या तुलनेत, हा पहिला प्रश्न. सगळा बोगदा, सगळे चुंबक आणि शेवटचं टक्करस्थळ एकदम वर-खाली झालं तर बीमला काही कळत नाही. त्रास होतो तो शेजारचा चुंबक एकीकडे आणि हा दुसरीकडे गेला की. म्हणून लांब तरंगलांबीची हालचाल निरुपद्रवी, आखूड तरंगलांबीची घातक. ही सीमा यंत्राच्या बीटाट्रॉन तरंगलांबीवर (बीम चुंबकांमधून डोलत जातो त्या झोक्याच्या लांबीवर) ठरते.

तुमच्या जमिनीतला तरंगवेग सेकंदाला २०० मीटर धरा. १.२ हर्ट्झची लाट १६७ मीटर लांब. २ मीटर अंतरावरच्या दोन चुंबकांत फेजचा फरक ४ अंशांच्या आसपास. जमीन १०० नॅनोमीटर हलली तर दोघांतला फरक साडेसात. २.४ ला तो १५ होतो. आता २४ हर्ट्झ घ्या. लाट ८.३ मीटर, फेज ८६ अंश, आणि दोघांतला फरक जमिनीच्या हालचालीपेक्षाही जास्त, १.४ पट. स्पेक्ट्रममध्ये सगळ्यात उंच दिसतात ते माग. पण तुमच्या बेंचचा खरा वैरी ती बारीक सुई आहे, जी बहुतेक एसीच्या आउटडोअर युनिटची निघेल. तिच्यासाठी तुमचा स्वस्तातला जिओफोन पुरेसा आहे.

आकड्यांची कल्पना यावी म्हणून: जिनेव्याच्या सर्न प्रयोगशाळेच्या क्लिक या प्रस्तावित रेषीय यंत्रात मुख्य भागातले ४,००० च्या आसपास क्वाड्रुपोल उभ्या दिशेत १ हर्ट्झच्या वर १.५ नॅनोमीटरच्या आत ठेवायचे आहेत. टक्करस्थळाजवळच्या शेवटच्या चुंबकांना तर ४ हर्ट्झच्या वर ०.२ नॅनोमीटरच्या आसपास. कारण ३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला बीमची उंची टकरीच्या जागी १ नॅनोमीटर असते. दोन्ही बाजूंनी येणारे बीम एकमेकांना चुकले तर बाकी सगळं फुकट.

आपल्या जवळचं बघायचं तर इंदूरचं इंडस-२. १७२.५ मीटर परिघाची साठवण-रिंग, २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. अशा रिंगांत बीमच्या आकाराच्या दहाव्या भागाइतकी हालचाल चालते, म्हणजे मायक्रॉनच्या आसपास. तिथे चुंबकाखाली पिएझो कुणी लावत नाही. ताठ गर्डर आणि बीमवरूनच केलेली दुरुस्ती एवढ्यावर भागतं.

गणपतघाट · मंगळवार, दुपारी ३.००

विद्यार्थी म्हणून विचारतो सर. बीमवरूनच दुरुस्ती करता येते, तर क्लिकमध्येही तेच का नाही? हे पिएझोचं झंझट कशाला?

नॅनोमीटर · मंगळवार, दुपारी ३.४५

रास्त प्रश्न. रिंगेत तोच बीम सेकंदाला लाखो वेळा फिरून येतो, म्हणजे मोजायची संधी सतत. रेषीय यंत्रात बीम एकदा जातो आणि संपतो. क्लिकमध्ये सेकंदाला ५० वेळा बीम येणार. मोजलेलं पुढच्या खेपेला वापरायचं, म्हणजे मोजणीच्या वेगाच्या साधारण दहाव्या-विसाव्या भागापर्यंतच दुरुस्ती कामाची. २.५ ते ५ हर्ट्झ. त्याच्या वर केली तर उलट वाढते.

मग त्याच खेपेत दुरुस्त करता येईल का? आयएलसी या दुसऱ्या प्रस्तावात एका खेपेत १,३१२ गुच्छ आहेत, दोघांमध्ये ५५४ नॅनोसेकंद. पहिले काही गुच्छ मोजून उरलेल्यांना वळवायला वेळ मिळतो. क्लिकमध्ये ३१२ गुच्छ, मध्ये अर्धा नॅनोसेकंद, सगळी खेप १५६ नॅनोसेकंदांत आटोपते. केबलमधून सिग्नल जाऊन यायलाच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून ५ च्या खाली बीम सांभाळतो, वर चुंबकाचा पाया सांभाळतो, अशी वाटणी.

तुमच्या बेंचला हे चपखल बसतं बघा. ५ च्या खालचं सोडून द्या, आणि ते का सोडलं हे अहवालात लिहा.

होटगीजंक्शन · मंगळवार, रात्री ९.३०

आता माझा राहिलेला भाग.

आधी तुमचा ११० तपासू. एका स्टॅकची ताठरता २०० न्यूटन प्रति मायक्रॉन. वर लवचिक सांधा (फ्लेक्शर) लावलाच असेल, तो साधारण तेवढाच धरा, जोडी १००. तिन्ही मिळून ३००. ५० किलोला नैसर्गिक फ्रिक्वेन्सी येते ३९० हर्ट्झ. तुम्हाला दिसते ११०. उलटं गणित केलं तर प्रत्यक्ष ताठरता २४ निघते. म्हणजे पिएझोच्या खाली कुठेतरी २६ न्यूटन प्रति मायक्रॉनचा मऊ स्प्रिंग बसलाय आणि तो तुम्ही लावलेला नाही. तो शोधायचा.

बेस प्लेटला जॅक बोल्ट आहेत का? एम१६ चा १०० मिमी बोल्ट लांबीच्या दिशेने ३०० च्या वर ताठ असतो, त्यामुळे दोष बोल्टच्या दांड्याचा नाही. तो कशावर टेकलाय ते बघा. जमिनीवर शहाबादी फरशी असेल तर रुपयाचं नाणं घेऊन ठोकत जा. टणटण वाजली तर ठीक, भदभद वाजली तर खाली पोकळ आहे. वाळूच्या थरावर घातलेल्या फरशीवर नॅनोमीटरचा बेंच उभा करणं म्हणजे गादीवर तराजू ठेवणं.

ठोकून बघायची पद्धत: नायलॉनचा हातोडा, ठोकळ्याला वरून हलका टोला, जिओफोन एकदा ठोकळ्यावर, एकदा बेस प्लेटवर, एकदा प्लेटच्या शेजारी जमिनीवर. ११० ला ठोकळा आणि प्लेट यांच्या गुणोत्तरात उडी असेल तर दोष पिएझोच्या सांध्यात. प्लेट आणि जमीन यांच्यात असेल तर खाली.

सांध्यात असेल तर बहुधा स्पर्शाची जागा अर्धवट आहे. दोन्ही पृष्ठभागांना ब्ल्यू (स्पर्श तपासायचा निळा रंग) लावून बघा, ७०-८० टक्के डाग उमटले पाहिजेत. स्टॅकवर प्रीलोड (आधीपासूनचा दाब) हवाच, सिरॅमिक ताणाला कच्चं असतं. पण प्रीलोडचा स्क्रू पिळताना स्टॅकला पीळ बसू देऊ नका, दुसऱ्या पान्याने खालचा भाग धरून ठेवा. एकदा पीळ बसला की तडा आतून जातो, बाहेरून स्टॅक धडधाकट दिसतो आणि कपॅसिटन्स कमी भरतो. म्हणून बसवण्याआधी आणि बसवल्यावर कपॅसिटन्स मोजून लिहून ठेवा.

आणि रबर. रबर म्हणजे पायात मुद्दाम घातलेला मऊ स्प्रिंग. ११० चा १५-२० होईल, म्हणजे तुमचा लूप जिथे काम करतो बरोबर तिथेच रेझोनन्स येऊन बसेल. वर रबर महिनोन् महिने दबत राहतं, चुंबक मायक्रॉनने खाली जातो. रबरासारखा पदार्थ कणत्वरकांत वापरतात, पण भार पेलायला नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ईएसआरएफ या साठवण-रिंगेत गर्डर आणि जमीन यांच्यात बाजूने धातूच्या पट्ट्यांमध्ये असा थर दाबून लावला, तो फक्त घसटतो आणि ऊर्जा खातो. भार ताठ पायांवरच. तुम्हीही तसंच करू शकता.

कंबरतलाव · मंगळवार, रात्री १०.१०

असहमत. मऊ पायाला एवढं वाईट म्हणायचं कारण नाही. हवेचे स्प्रिंग, २ हर्ट्झ, व्हॉइस कॉइल, वरून अ‍ॅक्टिव्ह डॅम्पिंग: १० च्या वर सगळं आपोआप गळतं, लूपला कष्टच नाहीत. लायगोत (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) मऊ लटकन आणि अ‍ॅक्टिव्ह प्लॅटफॉर्म दोन्ही आहेत, आणि ते तर हिंगोलीत औंढा नागनाथला येणारच आहे. सर्नच्या लोकांना चालतं ते शहाणपण आणि लायगोवाल्यांचं नाही?

होटगीजंक्शन · मंगळवार, रात्री १०.४०

लायगोचा आरसा निर्वातात टांगलेला असतो. त्याला पाण्याची नळी नसते, जाड केबल नसते, कुणी हात लावत नाही. क्वाड्रुपोलला हे सगळं असतं. ५० किलो, २ हर्ट्झ म्हणजे ताठरता मीटरला ७,९०० न्यूटन. त्यावर १ न्यूटनचा धक्का बसला, वेणीसारखी केबल ओढली गेली इतकाच, तर ठोकळा १२७ मायक्रॉन सरकतो. तोच न्यूटन ताठ पायावर (कागदावरच्या ३०० वर) ३.३ नॅनोमीटर. जवळजवळ चाळीस हजार पट. सर्नच्या गटाने क्लिकसाठी ताठ पिएझो घेतले ते याचमुळे. दुसरं कारण असं की त्याच पिएझोंनी चुंबक नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी जागेवरही आणायचा आहे. मऊ पाय एका जागी ठरत नाही, मग पायऱ्या कसल्या?

कंबरतलाव · मंगळवार, रात्री ११.००

पाण्याचा मुद्दा मान्य. मग बेंचवर पाणी खेळवून दाखवा की. नाहीतर ही तुलना कागदावरच राहील.

होटगीजंक्शन · मंगळवार, रात्री ११.२०

तेही सोपं आहे. ८ मिमी आतल्या व्यासाची पीयू नळी ठोकळ्याला दोन क्लिपांनी बांधा, पंप दुसऱ्या खोलीत, मध्ये ५ मीटर नळी मोकळ्या वेटोळ्यात. मिनिटाला ४.५ लिटर म्हणजे वेग सेकंदाला दीड मीटर. २ च्या वर नेऊ नका, तिथून खळबळ झपाट्याने वाढते. पाणी बंद, पाणी चालू, असे दोन स्पेक्ट्रम एकावर एक काढा. काटकोनी एल्बो ठोकळ्यापासून लांब ठेवा, आवाज तिथे तयार होतो.

लूपबंद · बुधवार, सकाळी ८.१०

कंट्रोलच्या बाजूने लिहितो, कारण ११० फक्त फरशीचा दोष नसेल.

एसटीएम३२ चा आतला डीएसी १२ बिटांचा. पूर्ण १५ मायक्रॉन त्याच्यावर पसरले तर एक पायरी ३.७ नॅनोमीटर. नॅनोमीटरचं नियंत्रण आणि चार नॅनोमीटरची पायरी! पिएझोला ५० व्होल्टचा स्थिर बायस द्या आणि डीएसीचा झोका फक्त वर-खाली ५ व्होल्ट ठेवा. पायरी ०.३७ वर येते. हातची पट्टी दीड मायक्रॉनची उरते, जमिनीच्या हालचालीला ती पुष्कळ आहे. बाहेरचा १६ बिटी डीएसी घेतलात तर हा प्रश्नच नाही.

एडीसी (जिओफोनच्या व्होल्टेजचा आकडा करणारा) कुठला आहे? बऱ्याच जणांना २४ बिटी सिग्मा-डेल्टा आवडतो. तो लूपमध्ये जीव घेतो. आतल्या डिजिटल फिल्टरचा विलंब तीस-चाळीस नमुन्यांचा असतो. सेकंदाला १०,००० नमुन्यांना ३५ म्हणजे ३.५ मिलिसेकंद, ११० हर्ट्झला १३९ अंश फेज गेली. लूप घुमणारच. रेकॉर्डिंगला सिग्मा-डेल्टा, लूपला एसएआर (कमी विलंबाचा एडीसी). एसएआरने १० किलोहर्ट्झला एकूण दीड नमुन्याचा विलंब, ११० ला ६ अंश. हाच लूप १ किलोहर्ट्झला चालवलात तर ५९ अंश. बोर्डाचा वेग नाही, विलंब मोजा.

दुसरी चूक जवळजवळ सगळे करतात. वरचा क्रॉसओव्हर (लूपचा गेन १ होतो ती फ्रिक्वेन्सी) बघतात, खालचा विसरतात. जिओफोनचा लूप हा बँडपास आहे, गेन दोन ठिकाणी १ ला छेदतो. ४.५ ला जिओफोनची फेज ९० अंश वळते, त्याखाली १८० कडे जाते. खालच्या छेदाला फेज मार्जिन (घुमायला लागण्याआधी उरलेली फेज) नसेल तर ठोकळा एक-दोन हर्ट्झला झोके घेतो आणि लोक म्हणतात माग चालू झाले. इन्व्हर्स फिल्टर लावून जिओफोन ४.५ वरून १ ला ओढता येतो, पण तळाचा गेन २० पट वाढतो, तेवढाच आवाजही. तुम्हाला तर नॅनोमीटर यांनी ५ च्या खालचं सोडायला सांगितलंच आहे. मग ओढू नका.

आणि हे आधीच कबूल करून टाका: फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो. १० ते ३० मध्ये दहापट दाबलंत तर ३-४ हर्ट्झला आणि ६०-९० ला थोडं वाढणार. आलेखात दोन्ही दाखवा. फक्त दाबलेला भाग दाखवणाऱ्या आलेखावर माझा विश्वास नसतो.

जमिनीवरचा जिओफोन नुसता मोजायला ठेवलाय का? फीडफॉरवर्डला (जमीन हलली की थेट उलट दुरुस्ती) वापरा. त्यात घुमण्याचा धोका नाही. फक्त जुळणी नेमकी हवी. फेज १० अंश चुकली तर १७ टक्के हालचाल उरते, १ अंशाला पावणेदोन. आणि पिएझोची हिस्टेरेसिस (जाताना आणि येतानाच्या लांबीतला फरक) १०-१५ टक्क्यांपर्यंत जाते ती मोठ्या झोक्याला. तुमच्या छोट्या झोक्याला ती बरीच कमी भरेल.

सुरक्षेचं एक वाक्य: ६ मायक्रोफॅरडवर १०० व्होल्ट बसलेला असतो, प्रत्येक स्टॅकला १०० किलोओहमचा ब्लीडर (साठलेला विद्युतभार सोडणारा रेझिस्टर) कायम जोडलेला ठेवा. पाऊण सेकंदात धोक्याच्या खाली येतो.

सातरस्ता · बुधवार, सकाळी ९.००

लूपबंद यांना +१. एक भर: आडव्या दिशेत हेच करायला गेलात तर सावध. आडव्या सेन्सरला कल आणि सरकणं यांतला फरक कळत नाही. १ मायक्रोरेडियन कल, म्हणजे मीटरभर प्लेटच्या टोकाखाली एक मायक्रॉनची पाचर, अर्ध्या हर्ट्झला सेन्सरला तब्बल १ मायक्रॉन सरकल्यासारखी वाटते. तीन पिएझो किंचित वेगळे फुगले की कल झालाच. लूप मग खोट्या हालचालीच्या मागे लागतो. पहिल्या वर्षी फक्त उभी दिशा करा.

पार्कचौक · बुधवार, दुपारी १२.४०

किंचित अवांतर. पिएझो चुंबकाखालीच असतात असं नाही. बीमला ऊर्जा देणाऱ्या अतिवाहक पोकळ्यांमध्येही हाच खेळ आहे. १.३ गिगाहर्ट्झची नऊ कप्प्यांची पोकळी, लांबी १ मीटरच्या आसपास, आणि १ मायक्रॉन लांबी बदलली की फ्रिक्वेन्सी ३१५ हर्ट्झने सरकते. अमेरिकेतल्या एलसीएलएस-२ या यंत्रात पोकळीची अख्खी बँडविड्थ ३२ हर्ट्झच्या आसपास आणि मुभा १० हर्ट्झची. म्हणजे ३० नॅनोमीटर. तिथे सुरुवातीला हादरे आले ते बाहेरून नाही, हेलियमच्या व्हॉल्व्हमध्ये वायू स्वतःच डोलायला लागला होता म्हणून. व्हॉल्व्हची जोडणी बदलली, दांड्याभोवती वायू अडवणारे वायपर बसवले, तेव्हा शांत झालं. पिएझो होतेच, पण आधी उगम बंद केला. तुमच्या २४ हर्ट्झला हेच लागू: लूपने दाबण्याआधी आउटडोअर युनिट भिंतीवरून उतरवून वेगळ्या चौथऱ्यावर ठेवता येतं का बघा. खरं रबर लावायची जागा ती.

धोटा · बुधवार, दुपारी १.१५

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

जुळेसोलापूर · गुरुवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. केलं ते असं. रेझिस्टर लावल्यावर ५० ची रेघ राहिली आणि तिच्या शेजारची ४८ ची गेली. म्हणजे दोन वेगळ्या होत्या, ४८ चा पंप आवारातच आहे. २४ आउटडोअर युनिटचाच, बंद केलं की नाहीसा. एडीसी सिग्मा-डेल्टा निघाला, बदलतोय. टोल्याची चाचणी: उडी प्लेट आणि जमीन यांच्यात. फरशी शहाबादीच आहे आणि दोन जॅक बोल्टांखाली ती भदभद वाजते.

फरशी काढायची तयारी आहे. खाली किती खोल जाऊ? काळ्या मातीचं काय?

होटगीजंक्शन · गुरुवार, रात्री ९.१०

बेंच छोटा आहे, खडकापर्यंत जायची गरज नाही. खऱ्या यंत्राला काळी माती पूर्ण काढून मुरूम किंवा पाषाण गाठावाच लागतो, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तुम्हाला मिलिमीटरचा कल आला तरी शिमने (पातळ पत्र्याने) काढता येईल.

फरशी आणि खालची वाळू काढा, पीसीसी (साधं काँक्रीट) लागेल. त्याला टाचून खडबडीत करा, धूळ ब्लोअरने उडवा, आदल्या रात्री पाणी मारून ठेवा. बेस प्लेट २५ मिमी जाड, तीन जॅक बोल्टांवर लेव्हल करा, खाली ३०-४० मिमी फट. एका बाजूने नॉन-श्रिंक ग्राउट ओता, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. दोन्हीकडून ओतलंत तर मध्ये हवा अडकते आणि पुन्हा तेच भदभद. प्लेटच्या मध्यावर २५ मिमीचं भोक ठेवा, तिथून हवा निघते. सात दिवस ओलं गोणपाट. सोलापूरच्या उन्हात गोणपाट दोन तासांत वाळतं, पाणी मारायला माणूस नेमा.

शेजारच्या फरशीशी सगळीकडून २५ मिमी फट मोकळी ठेवा. झाडूवाला त्यात कचरा लोटतो आणि फट बुजते, म्हणून वर नुसती रबरी पट्टी झाकण म्हणून टाका.

इतकं करून २०० हर्ट्झ गाठलात तरी पुष्कळ, ३९० विसरा. खालची माती तिचा हिस्सा घेणारच.

जुळेसोलापूर · गुरुवार, रात्री ९.२५

जॅक बोल्ट ग्राउटमध्येच राहू द्यायचे?

होटगीजंक्शन · गुरुवार, रात्री ९.३०

नाही. ओतण्याआधी आट्यांना ग्रीस लावून टेप गुंडाळा. सात दिवसांनी तिन्ही दोन-दोन फेरे सैल करा, मग अँकर बोल्ट आवळा. एम१२, ८.८ ग्रेड असेल तर ८० न्यूटन-मीटर. जॅक सैल केले नाहीत तर भार त्यांच्यावरच राहतो आणि ग्राउट नुसता शोभेला. आवळून झालं की टोल्याची चाचणी परत करा आणि आलेख इथे टाका.